चार बोटं

"बाई, तुम्ही, शिपाईकाका आणि ग्रंथालयातल्या मावशी तिळे आहात का?"

प्रश्न वकिलाने विचारला. दुसरीच्या वर्गातल्या या मुलाला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते त्याला असं चपखल बसलं होतं की शाळा सुटल्यावर त्याची आईसुद्धा फाटकावरून "वकीलसाहेब, चला" अशीच हाक मारायची. बाईंच्या हातात कात्री होती आणि वर्गभर कागदाच्या रंगीत पट्ट्या पसरल्या होत्या. "तिळे म्हणजे जुळेच, पण तीन," वकिलाने वर्गाला समजावलं आणि पुन्हा बाईंकडे वळला. "बाहेरच्या फळ्यावर सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेत. तुमचा तिघांचा एकाच दिवशी आहे. आणि त्याच दिवशी शाळा उघडते. मग तुम्ही जन्मलात म्हणून शाळा उघडते, की शाळा उघडायची म्हणून तुम्ही जन्मलात?" पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलेला मुलगा एवढा वेळ कुठे होता त्याचा उलगडा झाला. वर्ग खिदळला. बाईही हसल्या. उत्तर तोंडपाठ होतं. हा प्रश्न सहकाऱ्यांनी विचारला होता, बँकेतल्या माणसाने विचारला होता, एकदा दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनेही विचारला होता आणि बाईंनी दर वेळी "योगायोग हो" म्हणून विषय मिटवला होता. तो शब्द आताही जिभेच्या टोकावर आला आणि कसा कोण जाणे, तिथेच अडला. "ती तारीख माझी नाहीच," त्या म्हणाल्या. "शाळेने दिलेली आहे." "मग तुमची कुठली?" "मला माहीत नाही." मग पहिल्या बाकावरून मुंगी, वर्गात सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत हळू बोलणारी, काळजीने म्हणाली, "म्हणजे बाई, तुम्ही झालात ते कुणी बघितलंच नाही?"

एवढंच झालं. बाईंनी कात्री खाली ठेवली, मुलांना पट्ट्यांकडे वळवलं, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. पट्ट्यांच्या या उपक्रमाचं नाव 'माझी गोष्ट' असं होतं. प्रत्येक मुलाने आपल्या आयुष्याची एक पट्टी करायची, जन्मापासून आजपर्यंत. एका वर्षाला एक वीत, आणि वीत ज्याची त्याची. हेडसरांना ते पसंत नव्हतं. सगळ्यांना फूटपट्टी द्या, म्हणजे भिंतीवर सारख्या दिसतील, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी हो हो म्हणून मान हलवली होती आणि करायचं तेच केलं होतं. त्यांची बंडखोरी आजवर एवढ्यावरच भागत आली होती, मान हो म्हणायची आणि हात आपलं काम करायचे. पट्टीवर काय लिहायचं ते मुलांनी घरी विचारून आणलं होतं. मी झालो तेव्हा बाबांची मोटरसायकल चोरीला गेली. मी झाले तेव्हा आमची लिफ्ट बंद होती आणि आई जिने चढून दमली. मी झालो तेव्हा आत्या रुसली, ती अजून रुसलेलीच आहे. एका वर्षाची पट्टी दुसरीला चिकटवताना कागद आखूड पडू नये म्हणून बाईंनी बोटभर जास्तीचा कागद ठेवायला सांगितला होता, आणि बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "माया सोडा रे, माया. नाहीतर जोडणार कशाला?" बाईंच्या आईचा शब्द. कापड बेतताना शिवणीसाठी आई दोन्हीकडे कापड जास्त ठेवायची त्याला ती माया म्हणायची, आणि लहानपणी बाईंना वाटायचं की जगात माया असते ती एवढीच, बोटभर रुंद, आतल्या बाजूला दडलेली, खडूने आखलेली. वकिलाने अर्थातच हरकत घेतली होती. "मग ही माया वयात धरायची का?" वयात नाही धरायची, असं बाई म्हणाल्या होत्या. आता त्यांना वाटलं, आपण खोटंच सांगितलं. आपल्या वयात ती धरलेली आहे.

वर्ष-दीड वर्षाची माया. आई कारखान्यासाठी घरी शर्टांच्या कॉलरी शिवायची आणि पुढे पुढे तिला कारखान्यातच जावं लागलं, तेव्हा धाकटीला, म्हणजे बाईंना, सांभाळायला थोरली बहीण अक्का घरी राहिली. अक्काचं शाळेत जायचं वय उलटून चाललं होतं. धाकटी शाळेत बसली तर दोघी बसणार, नाहीतर कुणीच नाही, असा सरळ हिशेब होता. जन्माचा दाखला वगैरे कोण मागत होतं तेव्हा. शाळेत गुरुजी पोराला समोर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. कान हाताला आला की पोर सहा वर्षांचं झालं, घ्या शाळेत. रांग मोठी होती. ओल्या चुन्याचा वास येत होता, गुरुजींच्या टेबलावर पेल्यात अर्धा चहा होता आणि त्यात माशी पडली होती हे बाईंना आजही दिसत होतं. आपला हात कुठवर पोचला ते मात्र त्यांना दिसलं नव्हतं, ते कुणालाच स्वतःचं दिसत नाही. आईने मागून बघितलं आणि खाली वाकून कानात म्हणाली, "चार बोटं कमी पडतायत. मान वाकव." धाकटीने मान वाकवली. कान आपणहून हाताशी आला. गुरुजींनी बघितलं की नाही देव जाणे, त्यांनी पेन उचललं आणि त्या दिवशी शाळेत आलेल्या सगळ्यांची एकच जन्मतारीख टाकली, शाळा उघडली त्या दिवसाची. मग अक्काने हात वर नेला, तिचा कानाच्याही खाली उतरला, आणि दोघी आत गेल्या. आई फाटकापर्यंत मागे बघत बघत गेली. ती हसत होती. आईला असं हसताना बाईंनी फार कमी वेळा पाहिलं.

आईवर राग नव्हता. आजही नाही. आईने वाढत्या अंगाचे फ्रॉक शिवले तसं वयही वाढत्या अंगाचं शिवलं, खांद्यावरून घसरणारं, गुडघ्याखाली लोंबणारं, आणि पोर त्यात हळूहळू मावत गेली. राग होता तो मानेवर. ती एकदा वाकवली ती पुन्हा सरळ करायची राहूनच गेली. कुठेही चार बोटं कमी पडली की बाईंनी हात ताणला नाही, मान वाकवली. त्यांना चौथीचा वर्ग हवा होता, गणित शिकवायचं होतं. "तुम्ही लहान मुलांना छान सांभाळून घेता" असं म्हणून तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना कायम खालचे वर्ग दिले आणि त्या हसून बरं म्हणाल्या. नवऱ्याने घर दुसऱ्या टोकाला घेतलं, शाळा लांब पडली, तेव्हाही बरं म्हणाल्या. बदलीवर आलेली कालची मुलगी त्यांची खुर्ची घेऊन बसली तेव्हा त्यांनी तिला उशीही आणून दिली. सगळे म्हणायचे, बाईंचा स्वभाव म्हणजे सोनं. त्या सोन्याचा बाईंना अलीकडे वीट आला होता.

आणि आता तेच मोठं शिवलेलं वय अंगाशी आलं होतं. कागदावर त्यांचं वय शाळा उघडतानाच भरलं होतं आणि सत्रापुरती मिळालेली मुदतवाढ वर्षाच्या मध्यावर संपत होती. वर्ग अर्ध्यावर सोडून जायचं. मागच्या वर्षी या मुलांना तीन बाई झाल्या होत्या, एक आली, एक गेली, तिसरी नुसती हजेरी घ्यायची. या वर्षी पहिल्याच दिवशी मुंगीने विचारलं होतं, "तुम्ही पण जाणार का?" आणि बाईंनी, आपली तारीख पक्की ठाऊक असताना, तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, "नाही. पट्टीची शेवटची वीत आपण मिळून चिकटवू." आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता दिलेला शब्द. मग त्यांनी अर्ज केला, वर्ष पुरं होईपर्यंत ठेवा म्हणून. वरून निरोप आला की साहेब येऊन बघून जातील, बाई कामाला धडधाकट असतील तर हरकत नाही. सगळं घोडं तिथेच अडत होतं. उजवा खांदा आखडला होता. हात खांद्याच्या वर जाताना आत कुणीतरी सळई फिरवावी तशी कळ यायची. वेणी घालता येईना म्हणून त्यांनी केस कापून घेतले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांनी "काय छान दिसतंय, वय दहा वर्षांनी कमी वाटतं" असं कौतुक केलं, तेही त्यांनी हसून घेतलं. फळ्याचा वरचा अर्धा भाग त्यांच्या हाताबाहेर गेला. तिथे आता मुंगी लिहायची. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर. बाई खालून शब्द सांगायच्या आणि ती वर लिहायची, सगळ्यांत बुटकी मुलगी सगळ्यांत उंच जागी, आणि वर्गाला यात काही वावगं वाटत नव्हतं. हेडसरांना मात्र कळलं होतं. माणूस वाईट नव्हता, उमेदवारीच्या काळात बाईंकडून खडू उसने नेणारा पोरगा तो. त्याने खोलीत बोलावून दार लोटलं होतं. "बाई, साहेब आले की तुम्ही फळ्याच्या खालच्याच भागात लिहा. हात वर न्यायची वेळच येऊ देऊ नका. बाकी मी बघून घेतो." "आणि त्यांनी विचारलं तर?" "विचारणार नाहीत. आणि वयाचं वगैरे काही बोलू नका. त्या तारखेमागे काही जुनी भानगड असेल आणि ती निघाली तर नोकरीला लागतानाच खोटं लिहिलंत असं होईल." तो काळजीनेच म्हणत होता. बाईंनी मान हलवली होती.

पण त्या दिवशी मुंगीच्या प्रश्नामुळे त्या घरी न जाता थेट अक्काकडे गेल्या. अक्का गॅलरीत मटार सोलत बसली होती, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. बाई समोर बसल्या आणि एका हाताने शेंगा फोडू लागल्या. "अक्का, मी झाले तेव्हा काय होतं गं?" "काय असणार? रडणं होतं." "तसं नाही. कधी झाले मी?" अक्काने चष्म्यावरून बघितलं. "समोरच्या इमारतीला रंग देत होते तेव्हा. बांबू बांधलेले होते. आई म्हणायची, बाळंतिणीच्या अंगावर रंगाचे शिंतोडे नकोत म्हणून खिडकी लावून घेतली होती." आईकडून बाईंनीही हे ऐकलं होतं. ती इमारत पुढे कितीतरी वर्षं फिक्या हिरव्या रंगाची होती, पोपडे सुटले तरी हिरवी. शाळेतून येताना बाई तिच्याकडे बघत बघत यायच्या. त्यांना वाटायचं हा रंग आपल्यासाठीच दिलेला आहे, आपण येणार म्हणून. पोपडे सुटायला लागले तेव्हा त्यांना रडू आलं होतं आणि का ते कुणाला सांगता आलं नव्हतं. "रंग कुठल्या वर्षी दिला ते कुणाला तरी ठाऊक असेल," बाई म्हणाल्या. "इमारतच पाडली त्याला युग झालं. कुणाला विचारशील?" आणि मग अक्काच्या डोक्यात प्रकाश पडला. "थांब. खरं वय सांगायला निघालीस की काय? अगं बाई असून! लोक खरं वय लपवतात, आणि तू म्हातारपणी ते मिरवायला निघालीस!" दोघी हसल्या, अक्का जास्त. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते मटाराच्या हातांनीच पुसले. "तुझ्या त्या वाकड्या मानेवर मी शिकले," ती म्हणाली. "नर्स झाले, पोरं वाढवली, हे घर घेतलं. मला ते रोज आठवतं असं नाही, पण आठवतं." हे अक्का आयुष्यात कधी बोलली नव्हती. "म्हणून सांगते," अक्का पुढे म्हणाली, "खांद्याचं बोलू नकोस. सरळ सांगितलंस तर सरळ घरी पाठवतील." "आणि पाठवलं तर?" "तर मुलांना काय तोंड दाखवशील?" हेच, हेच तर होतं. बाईंनी शेंग इतक्या जोरात दाबली की दाणे गॅलरीबाहेर उडाले. खोटं लपवून राहिले तर शब्द पाळला जाईल. खरं सांगितलं तर कदाचित नाही. पण लपवून मिळालेलं वर्षही पुन्हा वाकड्या मानेचंच, आणि त्या मानेने मुंगीला काय शिकवायचं? वीत आपली आपली असते, हे? जिना उतरताना त्यांना आपलाच संताप आला होता.

साहेब आले त्या दिवशी वर्गात धुमाकूळ होता आणि तो बाईंचाच दोष होता. मुलांनी पिच्छाच पुरवला होता, शाळेने तारीख का दिली, कशी दिली, म्हणून बाईंनी कानाची गोष्ट सांगून टाकली होती, माशी पडलेल्या चहासकट. मान वाकवल्याचं मात्र सांगितलं नव्हतं. झालं. मधल्या सुट्टीपासून सगळा वर्ग एक हात डोक्यावरून घेऊन फिरत होता. जो तो दुसऱ्याला मोजत होता. "पोचला! सहाचा!" "हिचा कानाच्या खाली गेला, ही आठची!" वकिलाने नियम केले होते. हात सरळ डोक्यावरून, कोपर टेकवायचं, आणि मान वाकवायची नाही. हा शेवटचा नियम त्याने कुठून काढला ते बाईंना विचारायचं धाडस झालं नाही. एका पोराने मान वाकवून कान पकडला आणि सगळा वर्ग "बाद! बाद!" ओरडला. इतकं उघड दिसतं ते? मग गुरुजींना दिसलं नसेल? दिसलं असणार. त्यांनी बघितलं आणि पेन उचललं. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण मोठ्यांना फसवलं. मोठ्यांना सगळं दिसत होतं. वाकतेय ना, मग घ्या आत, असं ते होतं. त्यांना त्या गुरुजींची कीव आली, आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच आलं.

त्याच वेळी दारात हेडसर आणि साहेब. साहेब गोरेगुटगुटीत, हसरे, हातात पातळ फाईल. "अरे वा, कवायत चाललीय?" मुलं उठून उभी राहिली, काहींचे हात डोक्यावरच राहिले. "वय मोजतोय," वकील म्हणाला. "तुमचं मोजू?" हेडसरांनी डोळे वटारले पण साहेब खुशीत आले, मुलांमध्ये आलेला मोठा माणूस जसा खुशीत येतो तसे. फाईल काखेत धरून त्यांनी उजवा हात डोक्यावरून घेतला. पोट सुटलेलं, कोट घट्ट, दंड वर येईना. मग त्यांनी सहज मान वाकवली आणि कान पकडून दाखवला. "बाद!" वकील किंचाळला. "साहेबांनी मान वाकवली!" वर्ग हसून हसून बाकांवर लोळला. साहेबही हसले, जरा लाल झाले, कोट ठीकठाक केला. "म्हणजे मी सहाचा नाही?" "नाही. पुढच्या वर्षी या," वकील म्हणाला. साहेबांना काहीच गमावायचं नव्हतं. त्यांची मान वाकली काय नि न वाकली काय, गंमतच होती ती. बाई हे बघत होत्या आणि त्यांना कळलं की आता काय होणार.

"आता बाईंची मोजणी!" कुणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी ते उचललं. "बाईंची! बाईंची!" हेडसर पटकन पुढे झाले. "पुरे आता. बसा खाली सगळे. बाई, तुम्ही धडा घ्या, साहेबांना घाई आहे." त्यांनी बाईंकडे बघितलं, आणि त्या बघण्यात आईचाच आवाज होता, तितकाच हळू, तितकाच काळजीचा. साहेब म्हणाले, "छे छे, होऊ द्या की बाईंची पण." सहज म्हणाले. की सहज नाही म्हणाले? कळायला मार्ग नव्हता. फळ्याच्या वरच्या भागावर मुंगीचं अक्षर होतं, गोल गोल, उतरत गेलेलं, आणि फळ्याखाली स्टूल तसंच. बघणाऱ्याला सगळं दिसत होतं.

हे टाळता आलं असतं. खडू सांडता आला असता, खोकला आणता आला असता, डावा हात वर नेता आला असता आणि मुलांना कळलंही नसतं. चाळीसेक मुलं तोंडं वर करून त्यांच्याकडे बघत होती. बाईंना आपल्या शरीराचा एकेक सांधा जाणवत होता, मानेच्या मागे एक जागा होती तिथे जुना ताण होता, इतका जुना की त्या त्याला आपला समजत आल्या होत्या. त्यांनी उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत तो नेहमीसारखा आला, मग कळ आली, त्यांनी दात आवळले आणि हात आणखी वर नेला. सळई फिरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात कपाळावर आला, तिथून केसांवर, कापलेल्या केसांवर, टाळूपलीकडे जरासा सरकला आणि अडला. पुढे जाईना. कान तिथेच होता, जवळच, एवढासा. डोकं जरासं झुकवलं असतं तर तो आपणहून आला असता. मानेला ती वाट पाठ होती. ती निघालीसुद्धा होती, बाईंना ते जाणवलं, मान झुकायला निघाली होती आणि त्यांनी ती धरून ठेवली, वाट्टेल ते झालं तरी नाही, आज नाही, कुणासाठीच नाही.

"बाई, मान वाकवा ना," मागून एक मुलगी कळवळून म्हणाली. "पोचेल. आम्ही बाद नाही म्हणणार."

"नाही वाकवणार," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

मुंगी स्टूल ओढत आली. स्टुलाचे पाय फरशीवर करकरले. ती चढली, बाईंच्या कानाशी तिचा श्वास जाणवला, दुधाचा आणि पेन्सिलीचा वास असलेला. तिने बोटं बाईंच्या बोटांच्या टोकापासून कानापर्यंत टेकवली, एकेक, नीट, फळ्यावर अक्षर काढावं तशी. "चार बोटं कमी," ती म्हणाली. "कुणाची बोटं?" वकिलाने लगेच विचारलं. "माझी."

"म्हणजे बाई सहाच्या झालेल्याच नाहीत," वकिलाने निकाल दिला. वर्गात कुजबुज झाली. हा निकाल जड होता. एवढ्या मोठ्या बाई, आणि सहाच्याही नाहीत. "मग आता?" कुणीतरी विचारलं. वकिलाने विचार केला, नाक खाजवलं. "मग काही नाही. अजून शाळेत घेतलेलंच नाही, तर काढणार कसं?"

साहेब हसले, पण या वेळी हसू अर्ध्यावर थांबलं. त्यांनी फळ्याच्या वरच्या भागाकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, मग बाईंच्या हाताकडे. हेडसर खिडकीबाहेर बघू लागले होते. बाईंनी हात खाली घेतला नव्हता. कळ आता दंडातून बोटांपर्यंत उतरली होती आणि घाम कानामागून गळ्यात येत होता, पण त्या घाईत नव्हत्या. "खांदा आखडलाय, साहेब," त्या म्हणाल्या. "वर लिहिता येत नाही मला. वर ही लिहिते. तुमच्या फाईलमधली जन्मतारीखही माझी नाही, मी त्याहून लहान आहे, किती ते मलाही ठाऊक नाही, विचारायला ती इमारत उरलेली नाही. त्या दिवशी माझी चार बोटं कमी होती आणि मी मान वाकवली होती. आता नाही वाकवणार. या मुलांना मी वर्ष पुरं करीन म्हणून सांगितलंय आणि मी ते करणार आहे. काढायचं तर काढा, मी फाटकाबाहेर बसून पट्ट्या चिकटवून घेईन. काय लिहायचं ते तुम्ही लिहा." हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लक्षात आलं की आपण हात डोक्यावर ठेवून सांगितलं. हसायची पाळी होती. कुणी हसलं नाही.

साहेबांनी फाईल उघडली. पेनाचं टोपण काढलं, कागदावर पेन टेकवलं आणि तसंच धरून राहिले. "काय लिहू?" ते म्हणाले, बाईंना की स्वतःला ते कळलं नाही.

"लिहा ना, चार बोटं कमी," स्टुलावरून मुंगी म्हणाली. तिला वाटलं ते तिलाच विचारतायत. तिची बोटं अजून तिथेच होती.

"कमी नाही गं," बाई म्हणाल्या. "राहिलीत. चार बोटं वाढायची राहिलीत, असं लिहायला सांग." आणि मान तशीच ठेवली.